सोसायटीच्या पार्किंगची सोडत: प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. ६० फ्लॅट, ६० पार्किंग, दरवर्षी १ एप्रिलला जागा बदलतात. आतापर्यंत स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून व्हायचं, पण गेल्या मीटिंगला त्यावरून एवढी वादावादी झाली की सेक्रेटरी काका म्हणाले तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, म्हाडासारखं काहीतरी कर, बटण दाबलं की यादी बाहेर.

बटण सोपं आहे, पण फेअर म्हणजे नक्की काय ते आधी ठरवायला पाहिजे. चेअरमन साहेबांची आयडिया अशी की १ ते ६० मधला एकच नंबर काढायचा आणि सगळ्यांनी तेवढ्या जागा पुढे सरकायचं, साठच्या पुढे गेलं की परत एकपासून. पहिल्यांदा ऐकलं की बरोबरच वाटतं, कारण यात कुठल्याही फ्लॅटला कुठलीही जागा मिळायची शक्यता १/६० आहे, कोणावर अन्याय नाही. पण निकाल फक्त ६० च प्रकारे लागू शकतो आणि शेजारी कायम शेजारीच राहतो, म्हणजे ज्यांची रोज दार घासण्यावरून भांडणं होतात ते जन्मभर बाजूबाजूला. आपल्याला पाहिजे ते वेगळं आहे: ६० वस्तूंची जेवढी परम्युटेशन्स, म्हणजे लावायचे वेगवेगळे क्रम, आहेत त्या प्रत्येकाची शक्यता सारखी. आणि ती आहेत ६० फॅक्टोरियल (६० गुणिले ५९ गुणिले ५८ असं १ पर्यंत), साधारण ८.३ गुणिले १० चा ८१ वा घात. एकेका माणसापुरतं फेअर असणं आणि अख्खी यादी फेअर असणं यातला फरक मीटिंगमध्ये समजावणं अवघड जाणार आहे असं दिसतंय.

११ फेब्रुवारी

बी विंगमधल्या एका काकांनी त्यांच्या भाच्याने लिहिलेली स्क्रिप्ट पाठवली, म्हणाले हीच वापर, कशाला नवीन करतोस. उघडून बघितली. लूप १ ते ६०, प्रत्येक वेळी पूर्ण १ ते ६० मधून एक रँडम जागा निवडून त्याच्याशी अदलाबदल. चालवली तर यादी मस्त ढवळलेली दिसते, कोणाला शंकाही येणार नाही, आणि नेमकी हीच स्क्रिप्ट चुकीची आहे.

३ वस्तूंवर हाताने करून बघा. प्रत्येक पायरीला ३ पर्याय, तीन पायऱ्या, एकूण २७ रस्ते, आणि परम्युटेशन्स ६. २७ ला ६ ने भाग जात नाही, विषय संपला. सगळे रस्ते मोजले तर तीन क्रम ५ रस्त्यांनी येतात आणि तीन क्रम ४ रस्त्यांनी, म्हणजे १८.५ टक्के आणि १४.८ टक्के, सगळीकडे १६.७ पाहिजे होते. ६० ला पण तेच, रस्ते ६० चा ६० वा घात, त्यात ५९ हा मूळ अवयव कुठेच नाही पण ६० फॅक्टोरियलमध्ये आहे, तेव्हा समान वाटणी शक्यच नाही.

बरोबर पद्धत यापेक्षा अवघड नाहीये. पहिल्या वेळी ६० मधून एक निवडा, मग उरलेल्या ५९ मधून, मग ५८, असं. रस्ते बरोबर ६० फॅक्टोरियल, प्रत्येक रस्ता एकाच परम्युटेशनला जातो. फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये हे कागद-पेन्सिल आणि रँडम आकड्यांचे तक्ते घेऊन करायसाठी दिलं होतं, कॉम्प्युटरसाठी सुटसुटीत रूप ड्युरस्टेनफेल्डने १९६४ मध्ये छापलं. फरक कोडच्या एका ओळीचा आहे.

दुसरा एक प्रकार नेटवर खूप दिसतो, यादी क्रमाने लावणाऱ्या सॉर्ट फंक्शनलाच सांगायचं की तुलना करताना नाणं उडव. २०१० मध्ये युरोपात मायक्रोसॉफ्टने ब्राउझर निवडायचा स्क्रीन आणला होता, पाच मोठे ब्राउझर रँडम क्रमाने दिसायला हवे होते, आणि तिथे हेच निघालं. त्यांचा स्वतःचा एक्सप्लोरर टेस्टमध्ये जवळजवळ निम्म्या वेळा पाचव्या म्हणजे शेवटच्या जागेवर यायचा, यायला हवा होता पाचातून एकदा. म्हणजे स्वतःचंच नुकसान, त्यामुळे लबाडी नाही, निव्वळ चुकीचं कोड.

काकांना कळवलं. "अरे पण दिसतंय तर रँडम." हो, दिसतंय.

१४ फेब्रुवारी

आज निकालानंतर येणाऱ्या तक्रारींचा अंदाज काढायला बसलो, कारण भांडण तिथेच होतं. गेल्या वर्षी मुद्दा होता की एकाला परत तीच जागा आली, "साठातली नेमकी तीच कशी काय आली?"

गेल्या वर्षीची जागा ते यंदाची जागा असं बघितलं की तेही एक परम्युटेशनच, आणि नवी यादी युनिफॉर्म (म्हणजे प्रत्येक क्रमाची शक्यता सारखी) असेल तर जुनी कशीही असली तरी हे पण युनिफॉर्मच. यात जो जिथल्या तिथे राहिला तो फिक्स्ड पॉइंट. एका फ्लॅटची शक्यता १/६०, फ्लॅट ६०, तर सरासरी बरोबर १. दहा फ्लॅट असले तरी १, हजार असले तरी १. आणि कोणीच जागच्या जागी राहिला नाही याची शक्यता जवळजवळ १/ई (ई म्हणजे गणितातला २.७१८ हा आकडा), म्हणजे ०.३६८. मोंमॉर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १७०८ मध्ये पत्त्यांच्या खेळाच्या निमित्ताने हा प्रश्न मांडला होता. ५ वस्तूंना १२० पैकी ४४ परम्युटेशन्समध्ये कोणीच जागेवर नसतो, ०.३६७, आणि १० ला पोहोचेपर्यंत १/ई शी सात दशांश स्थळं जुळतात.

आपल्यासाठी अर्थ असा की दर तीनपैकी जवळजवळ दोन वर्षी कोणाला ना कोणाला तीच जागा परत येणार. अगदी एकाला ३६.८ टक्के, दोघांना १८.४, तिघांना ६.१, चार किंवा जास्त लोकांना १.९ टक्के. हे पॉयसाँ वितरण, म्हणजे क्वचित होणाऱ्या गोष्टी किती वेळा घडतात त्याचं ठरलेलं गणित, सरासरी १.

गंमत म्हणजे चेअरमन साहेबांच्या सरकवा-सरकवीत पण सरासरी १ च येते! ६० पैकी एकदा सगळेच्या सगळे ६० जागच्या जागी, बाकी ५९ वेळा कोणीच नाही. सरासरी बघून फसायचं असेल तर हे उदाहरण उत्तम आहे.

१७ फेब्रुवारी

पुढची तक्रार: "त्या दोघांचे फ्लॅट शेजारी आणि पार्किंग पण शेजारी आलं, सेटिंग आहे." फ्लॅट एका ओळीत धरले तर शेजारच्या जोड्या ५९, प्रत्येकीला लागून जागा मिळायची शक्यता २/६०, म्हणजे सरासरी जवळजवळ २ जोड्या. एकही जोडी न येण्याची शक्यता साधारण १/ई चा वर्ग, १३.५ टक्के. तेव्हा ८६ टक्के वेळा कोणीतरी शेजारी परत शेजारी येणारच. न आले तरच जरा चौकशी करावी अशी परिस्थिती आहे.

आणि "बघा चढत्या क्रमाने आल्यात" वाल्यांसाठी: एर्डॉश आणि सेकेरेश यांनी १९३५ मध्ये सिद्ध केलंय की ५० किंवा जास्त आकडे कुठल्याही क्रमाने लावा, त्यात वगळत वगळत ८ आकडे एकतर चढते नाहीतर उतरते सापडणारच. कुठल्याही क्रमाने, रँडमची पण गरज नाही. रँडम असेल तर सगळ्यात लांब चढती ओळ साधारण एनच्या (एन म्हणजे एकूण आकडे किती ते) वर्गमुळाच्या दुप्पट लांबीची असते, हा प्रश्न उलामने १९६१ मध्ये काढला आणि ती दुप्पट सिद्ध व्हायला १९७७ उजाडलं, एकीकडे वेर्शिक आणि केरोव, दुसरीकडे लोगन आणि शेप. ६० ला हे सूत्र साडेपंधरा देतं पण प्रत्यक्षात बारा-तेराच्या आसपास येतं कारण छोट्या एनला दुरुस्ती बरीच असते. ती दुरुस्ती काय आणि कशी पसरते हे १९९९ मध्ये बाइक, डाइफ्ट आणि योहान्सन यांनी सोडवलं आणि तिथे रँडम मॅट्रिक्समधलं (रँडम आकड्यांनी भरलेल्या चौकटींच्या गणितातलं) ट्रेसी-विडोम वितरण निघालं. पार्किंगशी काडीचा संबंध नाही, पण लिहून ठेवलं.

२२ फेब्रुवारी

एका आजोबांचं म्हणणं, चिठ्ठ्याच बऱ्या, डोळ्यासमोर तरी होतं सगळं. मुद्दा आहे. म्हणून आज चिठ्ठ्यांवरच दिवस घालवला, आणि यातलं सगळ्यात प्रसिद्ध प्रकरण म्हणजे अमेरिकेची सैन्यभरतीची सोडत, १ डिसेंबर १९६९, व्हिएतनाम युद्ध चालू होतं तेव्हाची. ३६६ तारखा प्लास्टिकच्या कॅप्सूलमध्ये, ज्या तारखेची कॅप्सूल आधी निघेल त्या तारखेला जन्मलेली मुलं आधी युद्धावर. टीव्हीवर लाइव्ह. पहिली निघाली १४ सप्टेंबर.

झालं असं की कॅप्सूल महिन्यामहिन्याने बॉक्समध्ये टाकल्या होत्या, आधी जानेवारी, मग फेब्रुवारी त्यात मिसळला, मग मार्च, असं करत डिसेंबर शेवटी. म्हणजे जानेवारीच्या कॅप्सूल पुन्हा पुन्हा ढवळल्या गेल्या आणि डिसेंबरच्या जेमतेम. युनिफॉर्म परम्युटेशन असतं तर प्रत्येक महिन्याचा सरासरी क्रमांक १८३.५ च्या आसपास यायला हवा. जानेवारीचा आला २०१.२, मार्चचा २२५.८, नोव्हेंबरचा १४८.७ आणि डिसेंबरचा १२१.५. डिसेंबरची पोरं आधी उचलली गेली.

हे "वाईट नशीब" की खराब मिसळण, ते ठरवायला रँडम परम्युटेशनच कामाला येतं. तारखेचा वर्षातला क्रम आणि सोडतीतला क्रम यांचं कोरिलेशन (दोन्ही किती बरोबरीने बदलतात ते, उणे १ ते १ मध्ये) आलं उणे ०.२२६. आकडा दिसायला किरकोळ आहे, आलेख काढून बघितला तर नुसते विखुरलेले ठिपके, कोणी म्हणणार नाही काही गडबड आहे. पण सगळी परम्युटेशन्स सारख्या शक्यतेची असतील तर या कोरिलेशनची सरासरी शून्य आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासून साधारण किती लांब जातं ते) बरोबर १ भागिले वर्गमूळ (एन वजा १), म्हणजे इथे १ भागिले वर्गमूळ ३६५, ०.०५२. आलेला आकडा चार पॉइंट तीन स्टँडर्ड डेव्हिएशन लांब! डिसेंबरच्या ३१ तारखांची सरासरी वेगळी तपासली, तिचं स्टँडर्ड डेव्हिएशन १८.२ च्या आसपास येतं, म्हणजे ती पण साडेतीनच्या जवळ खाली. यात वितरण नॉर्मल (घंटेच्या आकाराचं) आहे वगैरे काही गृहीत धरावं लागत नाही, फक्त एवढंच की सोडत प्रामाणिक असती तर काय दिसलं असतं. पुढच्या वर्षीच्या सोडतीला त्यांनी दोन ड्रम घेतले, एकात तारखा, एकात क्रमांक, आणि ते भरायचा क्रमसुद्धा रँडम परम्युटेशनच्या तक्त्यांवरून ठरवला.

आपल्या रजिस्टरमधल्या जुन्या सोडतींना हीच टेस्ट लावली. ६० ला स्टँडर्ड डेव्हिएशन ०.१३, आणि सगळे आकडे त्या पट्ट्यात आरामात बसले. म्हणजे डबा नीट हलवला जात होता. आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले मग कॉम्प्युटर कशाला, आणि खरं सांगायचं तर याला माझ्याकडे गणिती उत्तर नाहीये.

२५ फेब्रुवारी

कोणीतरी सुचवलं पत्ते पिसून करा. पत्ते ५२, फ्लॅट ६०, नको. पण बेयर आणि डायकॉनिस यांचा १९९२ चा निकाल यानिमित्ताने परत वाचला: दोन भाग करून फर्र करून एकमेकात घुसवायचे, तसं ५ वेळा केलं तरी युनिफॉर्मपासूनचं अंतर ०.९२४ (कमाल १ असतं), ६ वेळा ०.६१४, ७ वेळा ०.३३४, आणि पुढे दर वेळी साधारण निम्मं. आपण रमीला बसल्यावर दोन-तीनदा करतो, त्याला पिसणं म्हणायचं का हा प्रश्नच आहे.

१ मार्च

आता खरा उपयोगाचा भाग, आणि हा मला सगळ्यात आवडला. सोडत झाली, यादी लागली, पण १ एप्रिलला गाड्या हलवायच्या कशा? माझ्या नव्या जागेवर अजून दुसऱ्याची गाडी आहे, त्याच्या नव्या जागेवर तिसऱ्याची. दरवर्षी सकाळी गेटपासून रस्त्यापर्यंत रांग लागते, सगळे एकदम गाड्या बाहेर काढतात आणि मग हॉर्न.

जुन्या जागेवरून नव्या जागेकडे बाण काढत गेलो की फिरून पहिल्याच जागेवर येतो, म्हणजे अख्खं परम्युटेशन चक्रांमध्ये मोडतं. एका चक्रातली एकच गाडी व्हिजिटर पार्किंगमध्ये काढायची, रिकामी झालेली जागा जिला मिळालीये ती गाडी तिथे जाते, मग तिच्या जागेत पुढची, शेवटी व्हिजिटरमधली आत. म्हणजे ६० गाड्यांसाठी एकच मोकळी जागा पुरते! एकूण हालचाली म्हणजे हलणाऱ्या गाड्या अधिक चक्रांची संख्या (एकट्याचं चक्र सोडून).

आणि चक्रं किती असतील? सरासरी १ + १/२ + १/३ करत १/६० पर्यंत, म्हणजे ४.६८. कारण सोपं आहे, बाण काढत जाताना प्रत्येक पायरीला उरलेल्या जागांपैकी नेमकी एकच जागा अशी असते की जिच्यामुळे चक्र बंद होतं, तर शक्यता १/६०, मग १/५९, आणि शेवटी १. या पायऱ्या एकमेकांपासून स्वतंत्र पण आहेत, फेलरने १९४५ मध्ये हे असं मांडलं, आणि त्यामुळे चक्रांच्या संख्येचं नॉर्मलकडे जाणं जवळजवळ फुकटात मिळतं. त्यातलं सरासरी एक चक्र एकट्याचं, उरली ३.६८, म्हणजे सरासरी ६३ च्या आत हालचाली. सध्याच्या पद्धतीत सगळे बाहेर, सगळे आत, १२०.

चक्रं सारख्या आकाराची नसतात, उलट एक भलंमोठं असतं. सगळ्यात मोठं सरासरी एनच्या ६२ टक्के, ६० ला ३८ च्या आसपास. अर्ध्याहून मोठं चक्र असण्याची शक्यता १/३१ + १/३२ + ... + १/६०, म्हणजे ६८.५ टक्के, (असं चक्र एकच असू शकतं म्हणून नुसती बेरीज चालते). शंभर कैद्यांचं कोडं ज्यांना माहितीये त्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथे १०० कैदी ५०-५० खोके उघडून सगळे सुटायची शक्यता ३१ टक्के निघते ती याच बेरजेतून. गाल आणि मिल्टरसन यांनी २००३ मध्ये तो प्रश्न आणला तेव्हा तो डेटा स्ट्रक्चरबद्दलच्या पेपरमध्ये होता.

९ मार्च

रँडम आकडे कुठून आणायचे? ६० फॅक्टोरियल म्हणजे २७२ बिटांच्या थोडं वर. ३२ बिटांचा सीड (ज्या संख्येपासून कॉम्प्युटर रँडम आकडे काढायला सुरुवात करतो ती) दिला तर जास्तीत जास्त ४२९ कोटी यादी निघू शकतात, बाकीच्या कधीच नाहीत. पायथॉनच्या मर्सेन ट्विस्टरचा, म्हणजे त्यातल्या रँडम आकडे काढायच्या पद्धतीचा, पिरियड (परत तेच आकडे यायला लागण्याआधीची लांबी) प्रचंड आहे, २०८० वस्तूंपर्यंतची परम्युटेशन्स त्यात मावतात, पण सीड छोटा दिला तर पिरियडला काय चाटायचंय. सीड मोठा असला तरी "तू तुझ्या लॅपटॉपवर काय केलंस ते आम्हाला काय माहीत" हा प्रश्न राहतोच, आणि तो रास्त आहे.

म्हणून ठरवलं: फासे. प्रत्येक घराने सगळ्यांसमोर प्लास्टिकच्या ग्लासातून दोनदा फासा टाकायचा, १२० आकडे, फळ्यावर लिहायचे. ते ६ च्या पायातली एक अगडबंब संख्या म्हणून वाचायचे. ६० ने भागा, बाकी येईल तो पहिल्या फ्लॅटचा नंबर, भागाकाराला ५९ ने भागा, बाकी दुसऱ्याचा, उरलेल्या जागांत मोजून, असं १ पर्यंत, म्हणजे फिशर-येट्सच. खरं तर १०६ वेळा टाकून पण ६० फॅक्टोरियलपेक्षा मोठी संख्या मिळते, पण मग वरचा अर्धवट तुकडा आला तर सगळं परत टाकावं लागतं आणि ती शक्यता १८ टक्के. १२० ला तीच शक्यता एक लाख कोटीत चारपेक्षा कमी. शिवाय प्रत्येकी दोन म्हटलं की कोणी कमी-जास्त नाही.

कोड वीसेक ओळींचं झालं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, आकडे घालून कोणीही घरी चालवून तीच यादी काढू शकतो. डी विंगमधल्या एका अकरावीतल्या मुलीने स्प्रेडशीटमध्ये करायचा प्रयत्न केला आणि एवढी मोठी संख्या तिथे मावत नाही असं सांगितलं, मग तिने वहीत पायरीपायरीने भागाकार करायची युक्ती लिहून पाठवली, ती माझ्यापेक्षा चांगली आहे, तीच ठेवली.

२३ मार्च

सोडत झाली. फासे टाकायला पाऊण तास लागला, लहान मुलांनी हट्ट करून बऱ्याच घरांचे फासे टाकले, एक फासा स्टेजखाली गेला तो परत टाकायला लावला. यादी तीन जणांनी आपापल्या लॅपटॉपवर काढली, तिन्ही जुळल्या.

निकाल: दोन जण जागच्या जागी. चक्रं सहा: १, १, ३, ९, १३, ३३. शेजारच्या फ्लॅटना शेजारची जागा अशा तीन जोड्या. चेअरमन साहेबांना लिफ्टजवळच्या चार जागांपैकी एक आली आणि अपेक्षेप्रमाणे हशा पिकला, एका काकूंनी "वा वा" म्हटलं ते कौतुकाने नव्हतं. शक्यता १५ त १. त्यांचे दोन फासे मुलाने टाकले होते आणि फळ्यावर होते, त्यामुळे पुढे विषय वाढला नाही. जागच्या जागी राहिलेल्या दोघांबद्दल कोणीतरी बोलायला लागलं तर १४ फेब्रुवारीचा तक्ता मी आधीच नोटीस बोर्डवर लावून ठेवला होता.

१ एप्रिल

चक्रांच्या याद्या छापून दिल्या, वॉचमनकडे एक प्रत. सी विंगमधल्या ज्या दोन घरांकडे गाडीच नाही त्यांचा फार उपयोग झाला, एक ३३ च्या चक्रात निघालं आणि एक ९ च्या, तिथे जागा आधीच रिकामी, त्यामुळे व्हिजिटर पार्किंगची गरजच नाही, चक्र तिथूनच चालू करायचं. उरली ३ आणि १३ ची. एकूण ५६ गाड्या, ५८ हालचाली. ३३ वाल्यात मधेच एका गाडीची बॅटरी उतरली होती, मागच्या सगळ्या थांबल्या, चौघांनी ढकलून नेली.

३ एप्रिल

पुढच्या वर्षासाठी कमिटीने अटी दिल्यात: ८ जागांना चार्जिंग पॉइंट, तिथे फक्त इलेक्ट्रिक गाड्या. बीमखालच्या कमी उंचीच्या जागांवर मोठ्या गाड्या नकोत. ज्येष्ठांना लिफ्टपासून लांब नको. म्हणजे आता सगळी परम्युटेशन्स चालणार नाहीत, आणि चालणाऱ्यांतून एक युनिफॉर्म काढायचं. अशी किती आहेत हे मोजणं म्हणजे शून्य-एकच्या मॅट्रिक्सचा (कुठली गाडी कुठे चालेल त्याचा तक्ता) परमनंट काढणं, आणि तो सर्वसाधारणपणे किती अवघड आहे ते व्हॅलियंटने १९७९ मध्येच दाखवून ठेवलंय. जेरम, सिंक्लेअर आणि विगोडा यांची मार्कोव्ह चेनची (छोटे छोटे रँडम बदल करत जायची) पद्धत आहे, पण ती फळ्यावर फासे लिहून दाखवता येणार नाही. अटी एकमेकांत अडकत नसतील तर गट पाडून प्रत्येक गटाची वेगळी शफल करून भागेल, म्हणून कमिटीला विचारलंय की इलेक्ट्रिक गाडीवाले ज्येष्ठ किती आहेत. उत्तर आलं की बघतो.